साफ आवाज

२ फेब्रुवारी

लेकीने पाठवलेला लॅपटॉप आज आला. पोचवणाऱ्याने खोका दारात ठेवला, सही घेतली आणि मी चहाचं विचारेपर्यंत जिना उतरूनही गेला. त्याचा उजवा बूट टाचेपाशी उसवलाय, जिन्यावर फटफट वाजत होता. सांगणार होतो, राहिलं. सांगायच्या बऱ्याच गोष्टी हल्ली राहून जातात, म्हणून ही वही. लेकीची आई होती तेव्हा रोजचा दिवस तिच्यापुढे ओतला की झोप लागायची. वही तिच्यासारखी मध्येच "पुढे?" असं विचारत नाही, एवढीच काय ती अडचण.

संध्याकाळी पहिला कॉल लावला. चिमणीचा आवाज इतका जवळून आला की मी मागे वळून पाहिलं. चिमणी म्हणजे लेकच. चाळिशी आली तरी घरात तिचं नाव तेच. जुन्या फोनवर तिच्यामागे सदा काहीतरी चालू असायचं. टीव्ही, जावईबापूंचं खाकरणं, कपाटांची दारं. गेले काही महिने ती नेमकी रस्त्यातून नाहीतर बसमधून फोन करायची, त्यामुळे घर ऐकूच आलं नव्हतं. आज घरून बोलली आणि मागे काही म्हणजे काही नाही. म्हटलं, घर फार शांत झालंय गं. म्हणाली, "मशीन चांगलं आहे बाबा. मुद्दाम बघून घेतलं." जावईबापू आंघोळीला गेले होते.

मी आधीच स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवला होता. इकडे माणसांची जाग आहे असं तिला वाटावं, म्हणजे ती काळजी करत बसणार नाही. माझे जुने गिऱ्हाईक, लाँड्रीवाले, बसायला आलेत, असंही ठोकून दिलं. तिने रेडिओबद्दल चकार शब्द काढला नाही. इतक्या मेहनतीने गर्दी जमवली, तिची कुणाला दखल नाही.

९ फेब्रुवारी

लाँड्रीवाल्यांचा कॉल. यंत्रदुरुस्तीचं माझं वर्कशॉप विकलं तेव्हा वाटलं होतं गिऱ्हाइकं तुटतील. तुटलीही, एकेक करून. पण काही जण यंत्र कुरकुरायला लागलं की अजून मला ऐकवायचे. माझी पद्धत साधी आहे. मी सांगतो, फोन यंत्राशेजारी ठेवा, तुम्ही बोलू नका, बाजूला व्हा, त्याला बोलू द्या. पाच मिनिटं ऐकलं की कुठला पट्टा सैल आहे, कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, ते समजतं. शाळा फार झाली नाही. उस्ताद समोर काही शिकवायचा नाही, सुटे भाग धुवायला बसवायचा. भाग धुता धुता पाठीमागचं यंत्र ऐकत शिकलो, आणि त्यावर घर उभं केलं.

आता ऐकवणाऱ्यांत लाँड्रीवाले एकटेच उरलेत. हॉटेलांच्या चादरी धुतात. पिळण्याच्या मोठ्या यंत्राचा त्यांना संशय येत होता. म्हटलं, आता नव्या लॅपटॉपवर लावा, आवाज एक नंबर येतो. त्यांनी फोन यंत्राशेजारी ठेवला. काय सांगू, मांजर झोपेत घुरघुरावं इतका मऊ आवाज. खडखड नाही, किणकिण नाही. मी उलट त्यांचं कौतुक केलं, तेलपाणी झकास ठेवलंय म्हणालो. वर्षभर हात लावू नका.

१७ फेब्रुवारी

पिळण्याचं यंत्र बसलं. भर कामात बेअरिंग जळालं, ड्रम वाकडा झाला. ओल्या चादरींचा ढीग लागला, हॉटेलवाल्यांनी तोंडाला येईल ते सुनावलं. हे सगळं मला लाँड्रीवाल्यांनी फार जपून सांगितलं. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "होतं मिस्त्री," म्हणाले, "वय झालं की होतं."

जेवलो नाही. चिमणीचा कॉल आला, तिला सांगितलं मजेत आहे. तीही मजेत होती. जावईबापू ऑफिसातून यायचे होते.

१९ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. काचेच्या खोक्यात बसवलं, कानावर डबे लावले, टीक आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बाहेरच्या खोलीत पंख्याचं पातं कुठेतरी घासत होतं, ते मला डब्यांतूनही येत होतं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. हे "वयाच्या मानाने" मला आवडलं नाही. यंत्र चालतं नाहीतर चालत नाही.

पण मग त्या दिवशी मी काय ऐकलं? डोळे जातात ते हळूहळू जातात, माणसाला सवय होते. कान असे एका दुपारपुरते जातात काय? हात थोडे कापतात, गुडघे बोलतात, त्याचं काही नाही. पण कान गेले तर माझ्याकडे उरलं काय? खुर्ची, खिडकी आणि रेडिओ.

२२ फेब्रुवारी

लाँड्रीत गेलो. न बोलावता. मालक जरा ओशाळले, स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. खिशातून लांब पेचकस काढला, टोक दुसऱ्या यंत्राच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. हा आमच्या धंद्यातला स्टेथोस्कोप. लगेच ऐकू आलं. पुढच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये एक गोळी फुटलेली, दर फेऱ्याला टचकन वाजत होती. म्हटलं, याला आजच थांबवा. उघडलं. गोळी फुटलेलीच होती.

 मग लाँड्रीवाल्यांच्याच डोक्यात आलं, की आता हेच तिसऱ्या यंत्रावर तुम्ही घरून ऐकून बघा. घरी आलो. आधी त्यांनी माझ्या साध्या फोनवर लावलं: यंत्राची घरघर, पट्ट्याची चिरचिर, मागे इस्त्रीवाल्याचं गुणगुणणं, सगळं. मग तेच लॅपटॉपवर लावलं. मांजर. घुरघुर. झोप.

त्यांना म्हटलं, जरा बोला. बोलले. आवाज असा, जणू माझ्या मांडीवर बसून बोलतायत.

कान शाबूत आहेत. लबाड ते दुसरंच कुणीतरी आहे. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२३ फेब्रुवारी

लॅपटॉप बगलेत मारून कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई तरुण आहेत, बोलताना दोन्ही हात चालू असतात, त्यामुळे मला त्या पहिल्यापासून आवडतात. पाच मिनिटांत म्हणाल्या, "काका, यात आवाज साफ करणारा प्रोग्राम आहे. कंपनीच घालून पाठवते. माणसाचा आवाज तेवढा ठेवतो, बाकीचं काढून टाकतो. येणारंही आणि जाणारंही."

"बाकीचं म्हणजे काय?"

"म्हणजे कचरा. पंखा, गाड्या, मशीनची खडखड."

मी त्यांना म्हटलं, ताई, त्या कचऱ्यावर मी लेकीचं लग्न केलं. त्या हसल्या आणि प्रोग्राम काढून टाकला. मी म्हटलं, मुळासकट ना? म्हणाल्या, हो, सध्या तरी.

संध्याकाळी चिमणीशी बोललो. आता तिचं घर ऐकू यायला लागलं, पण ते काही मला ओळखीचं वाटेना. खोली वाजत होती. रिकाम्या खोलीत बोललं की शब्द भिंतीला लागून परत येतात, तसं. गालिचा, सोफा, पुस्तकांची कपाटं असलेल्या खोलीत आवाज असा उघडा पडत नाही. विचारलं. म्हणाली, रंगकाम काढलंय, सामान सगळं आत हलवलंय. बरं झालं, त्या भिंती कळकटच झाल्या होत्या. जावईबापू रंग आणायला गेले होते.

मग तीच म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे रेडिओ केवढ्याने लावलाय." मी म्हटलं, लाँड्रीवाल्यांना लागतो.

२ मार्च

आज चिमणीच्या मागे लिफ्टचं दार वाजलं. जुन्या पद्धतीचं, जाळीचं, ओढून लावायचं. तिचं घर तर बैठं, पुढे बाग. टीव्ही असेल. फ्रीजही नवीन घेतलेला दिसतो, पण लहान. मोठ्या फ्रीजचा आवाज खालच्या पट्टीत असतो, हा कोंबडीच्या पिलासारखा बोलतो, आणि चालू होताना अंगभर थरथरतो. नवीन वस्तू हल्ली अशाच येतात.

मी तिला प्रोग्रामची सगळी हकीगत सांगितली. मला वाटलं हसेल. तिने लाँड्रीवाल्यांच्या चादरींबद्दल विचारलं, माझ्या कानांबद्दल विचारलं, आणि मग म्हणाली, "कॉलला मात्र तो राहू द्यायचात बाबा. त्याने आवाज छान यायचा." माझ्या जन्मभराच्या कामाला ज्याने बट्टा लावला त्याला घरात ठेवू म्हणते. जरा फटकन बोललो मी.  रंगाच्या वासाने तिचं नाक चोंदलं होतं, त्यामुळे फार वेळ बोललो नाही.

रंग अजून चालूच आहे म्हणायचा. लबाड रंगारी गाठ पडलेला दिसतो.

१० मार्च

सकाळी लॅपटॉप आपणहून बंद झाला, निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, कृपया थांबा. थांबलो. माझ्याकडे वेळ तेवढा भरपूर आहे. दाढी झाली, कुंडीला पाणी घालून झालं, तरी ठिपके फिरतायत.

दुपारी लाँड्रीवाल्यांनी दुरुस्त झालेलं यंत्र ऐकवायला कॉल केला. मांजर परत आलं होतं.

दुकानात गेलो. बाई म्हणाल्या, काका, अपडेट आलं की तो परत बसतो. कंपनीला वाटतं, तुम्हाला हवाच असणार. मी विचारलं, अपडेट घेतलंच नाही तर? म्हणाल्या, ते तुम्हाला विचारून येत नाही, आणि न घेणं बरंही नाही. मग स्वतः काढायला शिकवलं. पडद्यावर दातेरी चाकाची खूण असते, त्यावर दाबायचं. एवढ्या मोठ्या डबड्यात माझ्या ओळखीचा एक तरी भाग निघाला. दातेरी चाक, मग प्रोग्रामांची यादी, मग त्याचं नाव, मग काढा. मशीन विचारतं, नक्की काढायचा? नक्की. शिकलो, पण आज काढला नाही. फटकन बोललो होतो ते मनात होतं. म्हटलं, लेकीला आवडतो, तर तिच्या कॉलपुरता असू दे.

तो असताना बोललो. आवाज छान. खोली वाजत नाही, फ्रीज नाही, लिफ्ट नाही. ती म्हणाली, "बघा, किती चांगलं येतंय." पण आज मी शब्द ऐकतच नव्हतो, शब्दांच्या मागे ऐकत होतो. तिच्या वाक्यांच्या शेवटी काहीतरी कापलं जात होतं. वाक्य संपलं की सुरी लावल्यासारखं शांत, मग पुढचं वाक्य. जिवंत माणूस दोन वाक्यांच्या मध्ये निदान श्वास तरी घेतो. तो श्वास या प्रोग्रामला कचरा वाटत होता. नुसता श्वास असता तर एवढा कापायला लागला नसता.

ती म्हणाली सगळं मजेत आहे. सुरी. जावईबापू कामाला गेलेत. सुरी.

११ मार्च

आज कुठे गेलो नाही. खिडकीत बसून होतो.

समजा, कुणा गिऱ्हाइकाने हे सगळं मला ऐकवलं असतं. वाजणारी खोली. बैठ्या घरात जाळीची लिफ्ट. छोटा फ्रीज. पंधरा दिवस न संपणारा रंग, आणि रंगाऱ्याच्या शिडीचा एकदाही आवाज नाही. दुसऱ्या माणसाच्या चपला नाहीत, खाकरणं नाही. चोंदलेलं नाक. पाच मिनिटांत मी सांगितलं असतं काय बिघडलंय ते. पाचही लागली नसती.

माझ्या कानांना नावं ठेवायला जागा नाही. ते आपलं काम करत होते. ऐकून घ्यायला घरात कुणी नव्हतं.

१२ मार्च

कॉलच्या आधी दातेरी चाक. नक्की काढायचा? नक्की.

काय बोलायचं ते दुपारभर ठरवलं आणि तिचा आवाज आल्यावर सगळं विसरलो. हवापाणी झालं. गुडघे झाले. तेवढ्यात तिच्या मागे तो फ्रीज चालू झाला आणि थरथरायला लागला. यंत्राबद्दल बोलताना माझी जीभ अडत नाही. म्हटलं, "चिमणे, तुझा फ्रीज तीन पायांवर उभा आहे. मागचा एक अधांतरी असणार. पुठ्ठ्याची घडी घाल खाली."

"कितीदा सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "फ्रीज घरमालकांचा आहे बाबा, ते म्हणतात की..."

आणि थांबली.

 यंत्र दोष दाखवायला लागलं की मध्ये हात घालायचा नसतो. फ्रीज थरथरत राहिला. माझ्याकडे रेडिओ चालू होता.

शेवटी तिने विचारलं, "लाँड्रीवाले आहेत का तिकडे?"

"नाहीत."

"येऊन गेले?"

"आलेच नव्हते गं. कधीच आले नाहीत. रेडिओ आहे तो."

"माहितीये," म्हणाली. "त्या दिवशी तुमचे लाँड्रीवाले वाऱ्याचा वेग सांगत होते."

मी हसलो, तीही हसली. तिचं हसू मध्येच फुटलं आणि नंतरचं सगळं मी ऐकलं. या वेळी काही कापलं गेलं नाही.

नोव्हेंबरपासून ती एकटीच राहतेय. चौथा मजला, एक खोली. जावईबापूंनी दुसरीकडे घर मांडलंय. सामानही तेच घेऊन गेले, तिला मागायची इच्छा नव्हती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "तुम्ही लाँड्रीवाल्यांचं का सांगत होतात?" 

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवतो. तिला ठाऊक होतं की साध्या फोनवर मी दोन दिवसांत सगळं ओळखेन. म्हणून रस्त्यातून फोन करायची. थंडी वाढली तसं ते जमेना. मग दुकानात विचारलं, असं मशीन आहे का, की ज्यात पलीकडच्याला मागचं काही ऐकू जात नाही. विकणाऱ्याने हा लॅपटॉप पुढे केला. याच्यात प्रोग्राम आधीपासूनच असतो म्हणाला. आणि काढला तरी परत येतो, काळजी नको.

म्हणजे माझ्या कानांसाठी खास निवडून घेतलेला होता. मला रागवायला हवं होतं बहुतेक. पण या वयात माझ्या कानांना एवढं घाबरणारं कुणीतरी आहे, हेही काही कमी नाही.

मी येतो म्हणालो. ती म्हणाली, आत्ता नको बाबा, अजून एकच खुर्ची आहे. म्हटलं, खुर्ची घेऊन येतो. म्हणाली, थोडं थांबा. मी बोलावेन.

कॉल संपल्यावर उठून रेडिओ बंद केला. घर केवढं आहे ते मग समजलं.

१५ मार्च

लाँड्रीवाले आले. खरोखरचे, जिना चढून, धापा टाकत. नव्या ड्रमला मी एकदा पेचकस लावून बघावा म्हणत होते. चहा केला. बराच वेळ बसले. त्यांना गंमत वाटली असेल, कारण मी त्यांच्याकडे बघून सारखा हसत होतो. चिमणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनाच बोलायला लावलं. बिचारे काहीच न समजून म्हणाले, "नमस्कार ताई, वारा आज बेताचाच आहे असं सांगायला सांगितलंय."

२८ मार्च

आज परत निळा पडदा, ठिपके, कृपया थांबा. मशीन जागं झालं तेव्हा आधी यादीत पाहिलं. आला होता. जाऊन आलेल्या माणसासारखा, काही झालंच नाही अशा थाटात आपल्या जागेवर बसला होता. काढला. सकाळी केर काढतो त्यातलाच एक भाग समजायचा. रागही आला नाही.

संध्याकाळी चिमणीने कॉल लावला आणि म्हणाली, "बाबा, आज बोलायला काही नाहीये. दमलेय. फोन ओट्यावर ठेवते आणि जेवायचं करते. तुम्ही ऐका."

ठेवला, बाजूला झाली.

मी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. नळाचं वायसर गेलंय, बंद केल्यावरही तीनचार थेंब पडतात. सुरी बोथट आहे, ती दाबून चिरते. भांड्याचं झाकण दुसऱ्या भांड्याचं आहे. मध्येच लिफ्ट वर आली, जाळी ओढली गेली, कुणीतरी शेजारचं दार उघडून आत गेलं. फ्रीज चालू झाला. थरथरला नाही. पुठ्ठा घातलाय म्हणायचा. ती काहीतरी पुटपुटत होती, मीठ शोधत असेल. एकदा नाक ओढलं. मी विचारलं नाही. ते कांद्याचं होतं की कसलं, ते मला ओळखता येतं.

एकाच ताटाचा आवाज आला. खुर्ची सरकली. माझंही ताट मी इकडे घेऊन बसलो.  माझ्याकडचं काय ऐकू जात असेल तिला, असा विचार आला. रेडिओ बंदच होता. खिडकीखालून एक सायकल गेली. मी पाणी प्यायलो.

मग तिकडून जेवता जेवता तिचा आवाज आला.

"बाबा, तुमच्या खुर्चीच्या मागच्या पायाचा स्क्रू ढिला झालाय. तुम्ही मागे रेललात की दर वेळी वाजतो."

मी मागे रेलून पाहिलं. वाजला.

पेचकस हाताशीच होता. पण घट्ट केला नाही. उद्या परत सांगेल.